पट १७, पानं ४, किंमत १० रुपये

आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचं मासिक बातमीपत्र मी गेलं वर्षभर विकत घेतोय. जून २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत नऊ अंक निघाले (ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक होता) आणि नऊही अंक मी दोऱ्यात ओवून ठेवलेत. दिवाळी अंकांची परीक्षणं सगळीकडे येतात, या चार पानांबद्दल कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. मुंबईत एकतीस वर्षं छापखान्यात काढली. आधी जुळारी होतो, खिळे जुळवायचो. पुढे ऑफसेट आलं आणि मी मुद्रितशोधक झालो. छापील कागद हातात आला की माझी नजर पहिल्यांदा समासावर जाते, मजकुरावर नंतर. ती सवय गावी आल्यावरही गेली नाही.

शाळेचं आणि पत्राचं नाव मी इथे देत नाही. अंकात मुलांची पूर्ण नावं असतात, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांची नावगावं उघड्यावर मांडणं मला पटत नाही. कणकवली तालुका, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, जूनला पट सतरा. एवढं पुरे.

आधी वस्तूबद्दल. ए-थ्री आकाराचा एक कागद, मधोमध दुमडलेला, त्याची चार पानं. सगळा मजकूर हाताने लिहिलेला. चौथीतले दोघे आणि तिसरीतली एक मुलगी यांचं अक्षर वळणदार, म्हणून मूळ प्रत तेच लिहितात. बाई ती कणकवलीला नेतात आणि साठ झेरॉक्स काढून आणतात. पहिले दोन अंक निळ्या पेनाने लिहिले होते, ते पुसट आले. पेन्सिलीची चित्रं तर जवळजवळ नाहीशी झाली. पहिलीतल्या एका मुलाने काढलेल्या बैलाची शिंगं तेवढी उरली आणि त्याला फार वाईट वाटलं. ऑगस्टपासून सगळं काळ्या पेनाने. कडेला जागाही सोडत नव्हते, त्यामुळे ओळीतलं शेवटचं अक्षर मशीन खायचं. मी शाळेत जाऊन पट्टी ठेवून दाखवलं, चारही बाजूंनी दीड सेंटीमीटर. आता समास इतका सरळ असतो की माझ्या जुन्या फोरमनने बघितला असता तर मान डोलावली असती.

हे पत्र निघालं परिपाठातून. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष झालं की एक मूल पेपरातल्या बातम्या वाचतं, ही सगळ्या शाळांची रीत. आमच्याकडे पेपर एसटीने येतो, अकराच्या पुढे. शाळा भरते साडेदहाला. म्हणजे मुलांनी वाचायच्या त्या कालच्या पेपरातल्या परवाच्या बातम्या. शेवटी बाईंनी सांगितलं, येताना वाटेत जे दिसेल आणि घरात जे घडलं असेल ते सांगा. पहिल्या आठवड्यात फळ्यावर आलं ते असं: म्हशीला रेडकू झालं, साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, एक फळी निसटली, एकीच्या घरात रात्री नानेटी साप निघाला, आजीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी फळा पुसायची वेळ आली की मुलं पुसू देईनात. तेव्हा वही केली, आणि वहीचं पत्र झालं.

त्या साकवाच्या फळीचं सांगतो, कारण त्यातच या पत्राचा खरा गुण आहे. व्हाळावरच्या साकवाची फळी १८ जूनला निसटली. जूनच्या अंकात ती बातमी चार ओळींत आली. जुलैच्या अंकात पुन्हा आली: फळी अजून नाही, आम्ही दोघे दोघे हात धरून जातो, पहिलीच्या मुलांना मोठी मुलं उचलून नेतात. त्याच महिन्यात व्हाळाचं पाणी साकवावर आलं आणि तीन दिवस शाळेत फक्त पाच मुलं होती, तेही आकड्यासकट. ४ ऑगस्टला, रविवारी, वाडीतल्या माणसांनी जमून फळी बसवली. ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर मथळा आला, ‘फळी बसली’. खाली लिहिलं होतं, ‘४७ दिवस लागले’. मी बोटांवर मोजून बघितलं, सत्तेचाळीसच होतात. कोणावर टीका नाही, कोणाचे आभारही नाहीत, दिवस मोजलेले. बातमीचा पाठपुरावा म्हणतात तो हा. मोठमोठ्या पत्रांत एकदा छापलेली बातमी पुढे कुठे गेली ते कळत नाही, आणि इथे नऊ वर्षांची मुलगी एका फळीचा पत्ता दीड महिना सोडत नाही.

पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. रोजच्या पेपरात तिथे हवामान असतं, इथे पट असतो. ‘पट १७. मुली ९, मुलगे ८.’ त्याच्या खाली ‘बाव’ या नावाचं सदर, म्हणजे विहिरीचं पाणी. ती विहीर माझी आहे, त्यामुळे या सदराबद्दल मी निःपक्ष राहू शकत नाही, पण सांगायलाच हवं.

जुलैच्या अंकात छापलं होतं, ‘आजोबांची बाव २० फूट भरली.’ मी चक्रावलो. मोजली कोणी? मी तर कोणाला विहिरीवर बघितलं नव्हतं. एका चिठ्ठीवर लिहून पाठवलं की हा आकडा कुठून आला ते कळवावं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चौथीतली संपादक मुलगी आणि तिसरीतला बातमीदार असे दोघे दारात उभे.

‘आजोबानू, तुमची बाव मोजूक इलंव.’

बादलीचा दोर घेतला, टोकाला तांब्या बांधला. विहिरीचा कठडा उंच आहे, तरी दोघांना मी एक पाऊल मागे उभं केलं आणि दोर माझ्याच हातात ठेवला. तांब्या पाण्याला टेकल्याचा आवाज आला तशी मुलीने कठड्याच्या कडेशी दोराला चिमटीत धरलं, दोर वर ओढला आणि मुलाच्या हाताने, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोजला. दोन हात भरले. मग तिला शंका आली. तिने पुन्हा माझ्या हाताने मोजला, दीड हात. कोणाचा हात धरायचा यावर दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं की वर्षभर याच मुलाच्या हाताने मोजायचं, म्हणजे दर महिन्याचे आकडे जुळतील. मी छापखान्यात पॉइंटाच्या मापात आयुष्य काढलं, पण एकच माप शेवटपर्यंत धरून राहायचं हे इतक्या लहान वयात कोणाला उमगल्याचं बघितलं नव्हतं.

ऑगस्टच्या अंकात त्या चौकटीत आलं: ‘दुरुस्ती. मागच्या अंकात आम्ही २० फूट लिहिलं. ते न मोजता लिहिलं होतं. मोजलं तेव्हा कठड्याखाली २ हातांवर पाणी होतं.’ पहिल्या पानावर, बातमीच्याच अक्षरात. दुरुस्त्या आतल्या पानावर कुठल्या कोपऱ्यात आणि किती बारीक टाइपात बसवतात ते मी हाताने केलेलं काम आहे, म्हणून मला या चार ओळींची किंमत कळते. तेव्हापासून दर महिन्याला दोघे येतात. सप्टेंबरला २ हात, जोडअंकाच्या वेळी ५, डिसेंबरला ७, जानेवारीला साडेआठ, फेब्रुवारीला १०, मार्चला ११. आमच्या वाडीत पाणी कधी आणि किती उतरतं याची कागदावरची ही पहिली नोंद.

दुसऱ्या पानावर ‘भात’. शाळेत दुपारचं जेवण शिजतं, त्याची बातमी. शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिलंय की पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. मुलांनी एक दिवस ते खरंच करून बघितलं. सतरा जण हजर, म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम. तांदूळ काट्यावर ठेवला, तेवढाच निघाला. मग लिहिलं की पंधरा जण आले तर दीड किलो लागेल आणि पाचच आले तर अर्धा. तिसरीचं गणित त्या एका पानात होतं. पुढच्या अंकांत चवीच्या बातम्या सुरू झाल्या. ‘मंगळवारी मटकीची उसळ तिखट झाली. मावशीने गूळ घातला. मग सगळ्यांनी दोनदा घेतली.’ ‘परसबागेतल्या भेंड्या आज भातात होत्या, एकूण ३१.’ जेवण करणारी मावशी हे पान सगळ्यात आधी वाचून घेते. तिला वाचता येत नाही, दुसरीतली तिची नात वाचून दाखवते.

आता त्या प्रसंगाचं लिहितो, ज्यामुळे मी या पत्राकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

जोडअंकाच्या वेळी बाईंनी विचारलं, मूळ प्रत लिहायच्या आधी तुम्ही एकदा नजर घालाल का? मी आनंदाने हो म्हटलं. लाल पेन काढलं, चष्मा पुसला, बसलो. तिसरीतल्या त्याच बातमीदार मुलाने लिहिलं होतं: ‘वारो इलो आणि आमची केळ मोडली. आवस रडाक लागली.’ मी ते असं केलं: ‘वादळी वाऱ्यामुळे केळीचे झाड कोसळले. आईला दुःख झाले.’ व्याकरणाने निर्दोष. दुसऱ्या दिवशी पोरगा कागद घेऊन माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. माझी वाक्यं त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला,

‘मगे ह्या माझा नाय.’

मी त्याला समजावायला लागलो की छापायचं तर शुद्ध लिहावं लागतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘पण ती रडली.’

रात्री मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पुन्हा वाचले. माझ्या वाक्यात कोणी रडत नव्हतं. केळही मोडली नव्हती, नुसतं कुठलं तरी झाड कोसळलं होतं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, एकूण अठरा, मला आजही तोंडपाठ आहेत. त्या अठरांवर माझं घर चाललं. ते नियम ऱ्हस्व-दीर्घाचे आहेत, अनुस्वाराचे आहेत. कोणाच्या आईने रडायचं की दुःखी व्हायचं हे त्यांत कुठेही लिहिलेलं नाही. ती भर मी घातली होती, आणि इतकी वर्षं मी कोणाकोणाच्या मजकुरात ती घातली असेल या विचाराने मला झोप आली नाही.

सकाळी शाळेत जाऊन बाईंना सांगितलं की माझ्या लाल खुणा रद्द समजा. आम्ही बसून ठरवलं: प्रमाण मराठीत लिहिलेल्या शब्दाचं शुद्धलेखन चुकलं तर दुरुस्त करायचं, मालवणी शब्दाला हात लावायचा नाही. बातमी कुठल्या भाषेत लिहायची ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. चौथ्या पानावर शब्दांची एक पेटी सुरू झाली, डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला: व्हाळ आणि ओढा, तरवो आणि भाताची रोपं, बाव आणि विहीर, झील आणि मुलगा. मुंबईतून सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना ही पेटी फार उपयोगी पडते, त्यांच्या आयांनी मला तसं सांगितलं. त्याच जोडअंकात, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी होती, तीन ओळींची, आणि बरोबर तिच्या खाली ‘आवस रडाक लागली’. पानाची ती मांडणी मुलांची. मी असतो तर या दोन बातम्या शेजारी ठेवल्या नसत्या, आणि ती माझी चूक झाली असती.

फेब्रुवारीचा अंक याच वाटेने पुढे गेला. मी मुलांना सांगितलं होतं की मराठी वृत्तपत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्या शेजारच्या देवगड तालुक्यातले, पोंभुर्ल्याचे. त्यांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ ला निघाला, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन असतो. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असा मजकूर असे. मुलांना ते दोन स्तंभ आवडले. मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने त्यांनी अख्खं तिसरं पान दोन स्तंभांत लिहिलं, डावीकडे मालवणी, उजवीकडे प्रमाण. एकच बातमी दोनदा: परसबागेत गुरं शिरली. डावीकडची जास्त रंगते, कारण त्यात गुरांना हाकलणारी माणसं बोलतात.

सप्टेंबरचा अंक मात्र सगळ्यांत चांगला. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. अंक सुट्टीनंतर निघाला. त्यात सतरा घरांचा तक्ता होता: घरी गणपती किती दिवस, दीड, पाच, सात की अकरा, मुंबईहून किती माणसं आली, आणि माटवीला काय काय बांधलं. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. कवंडळ हे रानफळ, कांगणं, हरणं, तेरडा, सुपारीचं शिपटं, नारळ, तवसं, प्रत्येक घरासमोर खुणा. कवंडळ सतरापैकी फक्त सहा घरांना मिळालं, आणि खाली एका मुलीने लिहिलं होतं की तिचे काका ते आणायला दोन डोंगर चढले. मी तो तक्ता पुन्हा पुन्हा बघतो. माझ्या लहानपणी रानात गेलं की हाताला लागेल ते कवंडळ आता सहाच घरांत पोचतं, ही बातमी मला कुठल्याही पेपरात मिळाली नसती. हा अंक संपला आणि पुन्हा चाळीस प्रती काढाव्या लागल्या.

जोडअंकात निवडणुकीची एक बातमी आहे. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, शाळा हेच मतदान केंद्र. मुलांनी लिहिलं की यंत्र तिसरीच्या वर्गात होतं, बाकं व्हरांड्यात काढली आणि परत आत आली तेव्हा कोणाची कुठली ते कळेना. कोण जिंकलं याचा उल्लेख नाही.

डिसेंबरच्या अंकात जत्रेतली मुलाखत आहे. तीन मुलं दशावतारी कलाकारांकडे गेली, ते देवळाच्या मागे रंग लावत बसले होते. प्रश्न थेट. ‘तोंडाला रंग कोण लावून देतं?’ उत्तर: ज्याचा तो. ‘संवाद किती दिवसांत पाठ होतात?’ उत्तर: पाठ करत नाही, कथा ठरते, बोलणं तिथल्या तिथे सुचतं. यावर मुलांनी कंसात लिहिलंय, ‘हे आम्हाला खरं वाटलं नाही, म्हणून आम्ही पहाटेपर्यंत बसून बघितलं.’ मग दोन रात्रींच्या नाटकांत एकाच राजाने वेगवेगळं काय बोललं ते लिहिलंय. असं करणारा बातमीदार मी छापखान्यात फार थोड्या वेळा बघितला.

त्याच अंकातली क्रीडास्पर्धेची बातमीही चांगली. कबड्डीला सात खेळाडू लागतात आणि तिसरी-चौथीचे मुलगे पाच, म्हणून शेजारच्या वाडीच्या शाळेबरोबर मिळून संघ केला आणि पहिल्याच फेरीत हरले. गुण छापलेत. ‘आमच्या संघाने उत्तम प्रयत्न केला’ वगैरे काही नाही, ‘त्यांचा एक मुलगा फार उंच होता’ एवढंच.

जानेवारीचा अंक वाईट आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे परीक्षण खरं होणार नाही. त्या महिन्यात स्नेहसंमेलन झालं. पाहुणे आले, शाळेला वस्तू मिळाल्या, हार-श्रीफळं झाली. अंकाचं पूर्ण पहिलं पान मोठ्या माणसांच्या नावांनी भरलं. मी मोजली: एकतीस नावं, त्यांत मूल एकही नाही. भाषा ‘यांच्या शुभहस्ते’, ‘मोलाचे मार्गदर्शन लाभले’, ‘उपस्थित मान्यवरांचे’ अशी. मुलांनी बसवलेल्या नाचांना दोन ओळी. पहिलीतल्या एका मुलीला रंगमंचावर नाच आठवेना तेव्हा ती तिथेच बसली आणि दुसरीने हात धरून उठवली, सगळं गाव त्याबद्दल आठवडाभर बोलत होतं; अंकात ते कुठेच नाही. विहिरीची चौकटही कशीबशी तळाला ढकललेली. मुलांनी लिहिलेलं हे वाटतच नाही.

मी बाईंशी बोललो. त्यांची बाजू मला कळते. सतरा मुलांच्या शाळेला माणसं जोडून ठेवावी लागतात. पत्र्याला, पंख्याला, पाण्याच्या टाकीला कोणी हात दिला तर त्याचं नाव छापलं नाही म्हणून तो दुखावतो. पण त्यासाठी पहिलं पान देणं बरोबर नाही. मी सुचवलं की शेवटच्या पानावर एक ओळ ठरवा: शाळेला कोणी काय दिलं, नाव आणि वस्तू, विशेषण एकही नाही. फेब्रुवारीपासून तसं सुरू झालं. ‘पाण्याची टाकी, १ नग’ आणि नाव. देणाऱ्यांपैकी कोणी नाराज झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

आणखी एक तक्रार. मुंबईकरांसाठी अंकाचे फोटो मोबाईलवर पाठवतात, ते वाकडे, सावली पडलेले, वाचता येत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठे कुठे फिरतात याचा पत्ता लागत नाही, आणि आत मुलांची नावं आहेत. कागदी प्रत पाठवावी. आमच्यातलं कोणी ना कोणी दर आठवड्याला कोकणकन्येने जातंच, वीस-बावीस प्रती त्याच्या पिशवीत सहज मावतात. हल्ली बऱ्याच तशाच जातात.

हिशेब शेवटच्या पानावर असतो. फेब्रुवारीचा: प्रती ६०, झेरॉक्स ४८० रुपये, विकल्या ५४, जमा ५४० रुपये, शिल्लक ६०. दहा रुपयांत हे महाग आहे का? डोंबिवलीतल्या माझ्या भावाने अंक वाचून पन्नास रुपये पाठवले. मुलांनी दहा ठेवून घेतले आणि पुढच्या चार अंकांसाठी त्याचं नाव वर्गणीदारांत लिहिलं. मी म्हणेन घ्यावा, आणि एकेक न घेता वर्षाचा घ्यावा, कारण फळी, विहीर, भात या गोष्टी सलग वाचल्या तरच त्यांची गोडी आहे.

त्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे परत येतो. डिसेंबरात तिथला आकडा १६ झाला. दुसरीतल्या एका मुलीचे वडील कामासाठी म्हापशाला गेले आणि घर तिकडे हललं. तिच्या मैत्रिणीने बातमी लिहिली होती: ‘ती खिडकीकडे बसायची. तिथे आम्ही कोणी बसत नाही.’ मार्चच्या अंकात चौथीतल्या पाच मुलांची यादी आहे, ती जूनपासून चार किलोमीटरवरच्या शाळेत पाचवीला जातील. अंगणवाडीतून येणारी मुलं तीन. वजाबाकी मुलांनीच करून छापलीय: जून २०२५, पट १४. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून आमच्याकडे या आकड्याची भीती प्रत्येकाच्या मनात आहे. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. त्या एका किलोमीटरमध्ये आमच्याकडे एक व्हाळ आणि एक साकव येतो, आणि त्या साकवाची फळी बसायला किती दिवस लागतात ते छापून आलेलं आहे. हा आकडा मुलं लपवत नाहीत, पहिल्या पानावर देतात, म्हणून मी त्यांचं पत्र पैसे देऊन घेतो.

माझ्या वेळी, १९६० च्या आसपास, याच इमारतीत सातवीपर्यंत वर्ग होते आणि जिल्हा रत्नागिरी होता. शाळेत काय घडलं त्याचं माझ्याकडे काहीच लिहिलेलं नाही. गुरुजींचं नाव आठवतं, चिऱ्याच्या भिंतीचा गारवा आठवतो, बस.

संपादक मुलगी आता चौथीतून जाईल. तिच्या जागी कोण, यासाठी तिसरीतल्या चौघांनी एकाच घटनेची बातमी लिहायची आणि बाकीच्यांनी ती वाचून ठरवायचं असं ठरलंय. घटना त्यांनी निवडली ती विहीर मोजण्याची. काल संध्याकाळी चौघे वह्या घेऊन आले, बातमीदार मुलगा त्यांच्यातलाच एक. दोर मी धरला, तांब्या पाण्याला लागला, त्यांच्याबरोबर आलेली संपादक मुलगी नेहमीप्रमाणे चिमटीत धरायला पुढे झाली आणि तिने तो दोर चौघांतल्या सगळ्यात लहान पोरीच्या हातात दिला. मुलाने हात पुढे केला. पोरीने त्याच्या कोपरापासून दोर लावला आणि मोठ्याने मोजत गेली. बारा हात आणि एक वीत. चौघांनी तेच लिहिलं.